नकोचं घर

फळी मीच केली होती.
दांडिया बाजारातल्या सुताराकडून आणलेला प्लायवूडचा तुकडा,
कडा घासून गुळगुळीत, वर बारा घरं आखलेली:
पाणी. शू. भूक. दुखतंय. आई. घरी.
गाणं. पंखा. ऊन. बाई. अजून.
आणि कोपऱ्यात, हिरव्या रंगात, हो.

तीन वर्षं शाल्मलीचं मनगट
या बारा घरांतून फिरत राहिलं,
थरथरत, निसटत, परत येत,
आणि तीन वर्षं मी वहीत लिहीत राहिले:
मुलगी समजूतदार. कशाला नाही म्हणत नाही.

म्हणणार कुठून?

कळलं ते एका मंगळवारी.
दुधीची भाजी तिने जिभेने बाहेर ढकलली,
मनगट शेवटच्या घराच्याही खाली नेलं
आणि कोऱ्या लाकडावर, जिथे काहीच लिहिलं नव्हतं,
ठक ठक ठक.

त्या संध्याकाळी तेरावं घर रंगवलं.
लाल. नको.

पहिलं नको माझ्याच वाट्याला आलं.
"चल, व्यायाम."
नको.
"बरं, मग गाणं?"
नको.
ट्रस्टच्या कार्यक्रमात पाहुण्यांना हार घालायला?
नको, नको, आणि मान मागे टाकून अशी हसली
की लाळ माझ्या बाहीवर.
खरं सांगायचं तर मला राग आला होता.

मग तिने कात्रीला नको म्हटलं.
दर दोन महिन्यांनी रावपुऱ्यात
हीनाबेन कंगवा हातात धरून आईला विचारायची,
"केटला कापूं?"
आणि आई म्हणायची, "एकदम टूंका."

सुहासिनीताईंचा फोन आला.
"तुम्ही शिकवलंत ना, आता तुम्हीच या विंचरायला.
मला मकरपुऱ्याला सातची पाळी.
तिला उचला, न्हाऊ घाला, भरवा,
त्यात वेणी कोणी घालायची?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजूनही नाही.

केस वाढले. गुंता झाला, उवा झाल्या.
नवरात्र आलं तेव्हा खांद्याखाली वेणी,
आईने पहाटे आणखी लवकर उठून घातलेली, वाकडी.
मी बैठकांमध्ये त्या वेणीची गोष्ट सांगू लागले.
सांगताना माझा गळाही भरून यायचा.

आणि मे महिन्यात,
मांडवीच्या दगडांना हात लावू नये असं बडोदं तापलेलं,
तिने अक्षरांच्या पाटीवर जुळवलं:
का.
प.
"थोडेच ना?"
नको.
म्हटलं, अगं, विचार कर, किती हट्टाने वाढवलेस.
नको.
म्हणजे विचार करून झाला होता.
माझी हळहळ मी माझ्यापाशी ठेवली.

हीनाबेनने या वेळी खुर्चीसमोर उकिडवं बसून
तिलाच विचारलं, "केटला?"
या प्रश्नाला फळीवर घर नाही.
शाल्मलीने हनुवटीने भिंत दाखवली,
तिथे हीनाबेनच्या मुलाचा फोटो,
फौजेत भरती झाला त्या दिवशीचा.
"हाय हाय! आवुं?"
हिरवं घर.

मशीन फिरलं. फरशीवर काळे पुंजके.
सुहासिनीताई वाकल्या, एक बट उचलली,
पर्सची चेन उघडली
आणि तिथेच थांबल्या.
बट पुढे धरून म्हणाल्या, "ठेवू?"

शाल्मलीचं मनगट उठलं.
हिरव्यापासून लालपर्यंत वीतभर अंतर आहे,
तिला ते कापायला वेळ लागतो.
पंखा फिरत होता.
आम्ही तिघी थांबलो.