रापणीची वही

लवू तोरसकर सुटून आला त्या दुपारी
मी पेडव्यांचा भाव लिहीत होतो वहीत.
परुळ्याच्या तिठ्यावर उतरून चालतच आला निवतीपर्यंत,
खांद्यावर तुरुंगात विणलेली सतरंजी,
निळा पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा निळा.
म्हणाला, ‘वहीत माजा नाव आसा काय?’

नाव होतं.
नावावरून लाल रेघही होती, पट्टी लावून मारलेली.
मीच मारली होती, निकालाच्या दिवशी,
ओरसहून परत आल्यावर, हातपाय न धुता.

साक्षीदार क्रमांक चार, म्हणजे मी.
‘हाच तो माणूस?’ वकिलांनी विचारलं.
हाच, म्हटलं.
बर्फाच्या पेटीजवळ सुरी कुणाच्या हातात होती?
ह्याच्या.
उत्तम कुठे पडला?
तेही सांगितलं.
एक अक्षर खोटं बोललो नाही.
नंतर झोप लागली नाही असंही नाही. लागायची.

न्यायाधीशांनी आकडा सांगितला होता: इतकी वर्षं.
आमच्या वहीत आकडा नव्हता,
नुसती रेघ.

ट्रॉलरवाल्यानं ओळखपत्र मागितलं.
ओळखपत्राला पोलिसांचा दाखला,
दाखल्याला कुणी तरी ओळखणारा लागतो,
आणि ओळखत तर त्याला सगळा गाव होता,
तीच तर अडचण.
बर्फाच्या कारखान्यानं सोमवारी ये सांगितलं,
सोमवारी गेला तर म्हणाले, कुठला सोमवार?

रापणीच्या दोराला ओळखपत्र लागत नाही.
एका पहाटे उभा राहिला शेवटाला,
तांडेलानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.
त्याच्या पुढे दोन माणसांची जागा मोकळी,
तेवढा दोर कुणी धरला नाही.
तो मोकळा दोरही ओढला जात होताच,
बाकीच्या दोरासारखाच, ओला, जड, किनाऱ्याकडे.

दुपारी फाटकं जाळं घेऊन बसला माडाखाली.
नऊ वर्षं मागावर बसलेली बोटं,
गाठ भलतीच मारत होती, आमची नव्हे,
कसली तरी चपटी, सतरंजीच्या काठाची.
पोरं हसली.
दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ती जागा बघितली.
तिथून मासा सुटला नव्हता.

चाळीस वाटे पडतात आमच्याकडे वाळूवर.
त्यातला एक उत्तमच्या नावाचा,
येसूकाकी येते टोपली घेऊन, काही न बोलता नेते.
त्या दिवशी तारली भरपूर.
माझ्या हातून पडले एकेचाळीस.
हातून पडले म्हणतो खरा,
पण तारली मोजणारा हात चुकत नसतो.

काकी आली. तिनं ढीग मोजले.
तिला मोजता येत नाही असा आमचा समज होता.
‘हो कोणाचो?’
मी बोललो नाही.
लवू समुद्राकडे तोंड करून दोर गुंडाळत होता,
गुंडाळून झालेला दोर पुन्हा गुंडाळत होता.
काकीनं आपली टोपली उचलली,
चुंबळ नीट केली डोक्यावर,
आणि जाता जाता म्हणाली,
‘काढ.’

एवढंच. काढ.
मी उभा, हातात दोन तारल्या.
वाटा बाजूला काढून ठेव, की
वाळूवरून काढून टाक?
हाक मारून विचारता आलं असतं.
ती फार लांब गेली नव्हती.
नाही विचारलं.

ढीग तिथेच राहिला ऊन चढेपर्यंत.
एक कावळा आला, मी हाकलला.
मग पाहिलं तर लवू ओणवा होऊन
टॉवेलात मासे भरत होता, एकेक,
मोजून घेतल्यासारखे,
आणि दोन परत ठेवले त्यानं वाळूवर,
का, ते त्याचं त्याला ठाऊक.

रात्री वही उघडली.
लाल रेघ खोडता येत नाही, कागद फाटतो.
म्हणून खाली, चाळिसाव्या नावाखाली,
लिहिलं पुन्हा: लवू बाबी तोरसकर.
पेन्सिलीनं.
पेनातली शाई संपली होती,
असं मी बायकोला सांगितलं.
तिनं काही विचारलं नव्हतं.