सेकंदाला एक

ठाकुरद्वारला, जिन्याखालच्या खोलीत
चेंदवणकर मेस्त्री पेटीचं पोट उघडतात.
सदतीस पट्ट्या, चौऱ्याहत्तर पितळी जिभा,
एका टोकाला जखडलेल्या,
दुसरं टोक वाऱ्यावर सोडलेलं.

"भात्याला काय, नुसता वारा.
जीभ फटीत शिरते, वारा तुटतो.
बाहेर येते, वारा सुटतो.
सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर तुकडे झाले
की गिऱ्हाईक त्याला काळी एक म्हणतं."

समुद्र दोन गल्ल्यांवर.
खारी हवा पितळेवर हिरवा बुरा धरते,
तेवढ्या वजनानंही जीभ आळसावते, सूर बसतो.
टोकाशी घासलं की चढतो,
मुळाशी घासलं की उतरतो,
आणि कानशीचा एक हात जास्त पडला
तर पालिताण्याहून नवी येईपर्यंत पंधरा दिवस
गिऱ्हाइकाच्या शिव्या.

खालून मेट्रोचं भुयार खणत होते तेव्हा
फरशी दिवसभर घुमायची.
शेजारी तक्रारअर्जावर सह्या घेत फिरले.
मेस्त्रींनी मशीनची पट्टी काढली:
"खर्जातली पांढरी दोन. किंचित उतरलीय."
आणि सही केली.

गेल्या दिवाळीपासून त्यांचे कान गेलेत.
हे दुकानाबाहेर सांगायचं नाही.
पेचकसाची मूठ दातांत धरून
टोक पेटीच्या फळीला टेकवतात,
खर्ज जबड्यातून वर चढतो.
तार सप्तक हाडांतूनही येत नाही.
त्यासाठी मी.

एका पट्टीमागच्या दोन जिभा एकदम सोडते.
आवाज हेलकावतो;
दोघींच्या लाटा कधी एकमेकींना उचलतात,
कधी खाऊन टाकतात.
ते हेलकावे मी बोटानं
त्यांच्या मनगटावर वाजवते.
सेकंदाला चार.
कानस.
तीन.
कानस, अगदी हलकी.
दोन, दीड, मग बोट नुसतंच टेकलेलं.

"जुळलं, मेस्त्री."
ते ओठ वाचतात, मान हलवतात.
"थोडं बिघडव. एक हेलकावा राहू दे.
तंतोतंत जुळल्या तर आत दोघी आहेत
हे कुणाला कळायचं?"

मी घासते. नखावर पितळेची पूड,
फुंकरीनं उडेल एवढी.
बोट पुन्हा चालू होतं, सेकंदाला एक,
आणि त्याखाली त्यांची नाडी,
जराशी घाईत.
दर पाचव्या ठोक्याला
दोन्ही एकाच क्षणी पडतात.

हे मी मोजलंय.
त्यांना सांगितलेलं नाही.