शेवटचं जेवण किती वाजता

सोमवारी माझ्या पोटात काही नसतं
आणि मी घरोघर विचारत फिरते,
उपाशी आहात ना?
काळाचौकी, घोडपदेव, कॉटन ग्रीन,
सकाळी सहा ते साडेनऊ,
खांद्याला बर्फाची पेटी,
तिच्यात जांभळ्या, लाल, राखाडी टोपणांच्या नळ्या.

लोक कबुली दिल्यासारखे बोलतात.
एक घोट चहा झाला, बिनसाखरेचा, चालेल ना?
गोळीबरोबर अर्धं बिस्कीट, तेही मोडकं.
मी म्हणते, मला काय सांगता,
ते रक्तात उतरतंच.

मला कुणी विचारत नाही.
बरंच आहे.
आई सोळा सोमवार करायची, कशासाठी ते चाळभर ठाऊक.
रविवारी रात्री साबुदाणा भिजायचा,
मग रताळी, वरी, बटाट्याचा कीस, अशी मांडामांड
की मामा म्हणायचा, एकादशी अन् दुप्पट खाशी.
मी काही मागत नाही.
दिवसभर पाणी, संध्याकाळी सातनंतर वरणभात.
नाव शंकराचं घेते, पण खरं सांगायचं तर
त्याच्याशीही फार बोलणं होत नाही.

अकराच्या सुमाराला भूक येते,
ओळखीची बाई यावी तशी.
चप्पल काढते, बसते, इकडचं तिकडचं बोलते.
दोन वाजता भांडायला उठते.
दोन वाजता मी वाईट असते.
लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणाऱ्या पोरावर
एका दशांशचिन्हासाठी एकदा इतकी ओरडले
की तो संडासात जाऊन रडला.
त्या सोमवारी मी जेवले नव्हते,
एवढंच म्हणता येईल.

चारनंतर काहीतरी सैल होतं.
काय, ते नीट सांगता येत नाही.
पंख्याचा आवाज वेगळा ऐकू येतो,
हात हलके होतात,
म्हाताऱ्या दंडातली शीर पहिल्या टोचणीत सापडते.
बहुधा एवढ्यासाठीच करते.

मोंडकर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त, बायको जाऊन तीन वर्षं.
दंडाला रबर बांधताना नेहमीचं विचारलं,
शेवटचं जेवण किती वाजता?
ते छताकडे बघून हिशेब करायला लागले.
शनिवारी, म्हणाले. दुपारी.
डबा देणारी बाई गावाला गेलीय.
मग म्हणाले, तसो उपासच धरलंय म्हण.
कुणाचा?
हसले. अजून ठरूक नाय.

फॉर्मवर चौकट असते, उपाशी तास.
बेचाळीस लिहिलं.
दोनच आकडे मावतात तिथे.

रक्त घेतलं, कापूस दाबून धरा म्हटलं
आणि न विचारता ओट्याशी गेले.
डब्यात उकडे तांदूळ होते, बरणीच्या तळाला लोणचं.
पेजेला पाऊण तास लागतो.
पुढची तीन घरं फोन करत राहिली,
उपाशी आणि रागावलेली.
त्यांनी वाटी पुढे ओढली आणि थांबले.
एकट्याक जाऊची नाय गो घशाखाली.
अर्धी तू घे.

सकाळचे पावणेआठ. माझा सोमवार नुकता लागलेला.
नाही म्हणायला मी तोंड उघडलं
आणि त्यात चमचा गेला.

मीठ कमी होतं.
ते बोलले नाहीत, मीही नाही.
ती ओळखीची बाई लवकर येऊन दारात थबकली,
चप्पल काढू की नको, तिला कळेना.

जिना उतरताना वाटलं, शंकराला काय सांगू.
दुसऱ्या मजल्यावर वाटलं, त्याने विचारलं कुठे.
खाली आले तेव्हा फोन पुन्हा वाजत होता.

पुढचा सोमवार धरला. त्याच्या पुढचाही.
पिशवीत सुयांच्या खोक्याशेजारी आता
उकड्या तांदळाची पुडी असते.
काही सोमवारी ती तशीच परत येते,
काही सोमवारी नाही.

काल मोंडकरांना विचारलं,
शेवटचं जेवण किती वाजता?
रात्री नऊ, म्हणाले, भाकरी, भाजी, शिस्तीत.
मग बाही वर सरकवत, माझ्याकडे बघत,
आणि तुझा?

मी शीर शोधत राहिले.