नुसती हवा

चोपड्याच्या दवाखान्यात, सात नंबरच्या खाटेवर
मी डाव्या कुशीला. उजवी बंद आहे मला.
लोणचं बंद, पायऱ्या बंद, आखाजीचा झोका बंद.
एकतिसावा आठवडा. पावलं अशी सुजली
की सिस्टरांनी साबण लावून जोडवी काढली
आणि कागदाच्या पुडीत बांधून उशाशी दिली.

बुधवारी जळगावहून अवंती मॅडम येतात,
पिशवीत हेडफोन, वही, मुठीएवढा स्पीकर.
संगीतानं काहींचं बीपी उतरतं, म्हणतात, बघू या.
तुम्हाला काय ऐकायला आवडतं?
शबनूर तडवी म्हणाली, पाळणा लावा.
रमिला पावरा भिंतीकडे वळली,
मागच्या होळीला तिचं सातव्यातच गेलं.
मी म्हणाले, मला काहीच नको.

मॅडम, माझा नवरा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.
लग्नसराईत आमच्याकडे भांडी पडली तरी सुरात पडतात.
हळद, वरात, नागीण,
भाकरी थापता थापता इतकं ऐकलंय
की शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणून दाखवीन.
त्या हसल्या, आणि तरी बासरी लावली.
पट्टा फुगला, सुस्कारला.
एकशे साठ, एकशे दहा.
बासरीआधी एकशे चोपन्न होतं.

"जिवाला जपा हं," जाताना म्हणाल्या.
आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं.
तेच तर जमत नव्हतं.

भिकनचा फोन येतो रात्री दोनला,
शिरपूरच्या नाहीतर दोंडाईच्याच्या मांडवामागून.
जनरेटर धडधडतो, कुणी वाढप्यावर ओरडत असतं.
जपनी का?
नाही.
डोकं?
ठणकतंय.
वाजाडू का काही?
अख्खा वॉर्ड उठेल, मी म्हणाले, मार खाशील.

जरा वेळ काहीच नाही.
मग त्यानं पत्ती काढली असावी,
कारण नळीतून नुसती हवा आली.
सूर नाही. बोटं मात्र चालत होती,
चाव्यांची बारीक खुळखुळ ऐकू येई,
आणि वर ती हवा, ओल्या लाकडांवर फुंकणी धरावी तशी,
लांब, थोडी थांबलेली, पुन्हा लांब.
कुठलं गाणं ते मला बोटांवरून कळलं.
तुम्हाला नाही सांगणार.

बरगडीखाली एक टाच सरकली.
मी फोन पोटावर ठेवला.
अंधारात शेजारच्या खाटेवरून हात आला,
चार दिवसांत पहिल्यांदा रमिला बोलली:
जरा इकडे पण धर.
दोन खाटांच्या मधल्या फटीत
मी हात अवघडेपर्यंत फोन धरून राहिले.
कधी डोळा लागला माहीत नाही.
फोन खाली पडलेला शबनूरनं उचलला.

सकाळी एकशे बेचाळीस, ब्याण्णव.
गोळी लागू पडली, सिस्टर म्हणाल्या,
आणि तसंच लिहिलं.
असेल.

पुढच्या बुधवारी मॅडमनी वही उघडली.
मधे काही ऐकलंत?
हो, म्हणाले.
छान! काय लिहू? बासरी?
मी शब्द शोधत होते,
तर भिंतीकडे तोंड करूनच
रमिला म्हणाली,
फुंकणी लिवा.