दोन बेटांचं लाकूड

रावपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर
समुद्र येतो तो फाइलमधून,
स्वल्पविरामांनी तोडलेला.
मी त्याचे रकाने पाडते.

डावीकडे एक बेट, उजवीकडे दुसरं.
दोघांनाही आपलं रान पुरत नाही,
दोघंही मागवतात चिरलेलं नरम लाकूड:
पाइन, स्प्रूस, फर.
आईला फोनवर सांगायचं तर
'देवदारासारखं काहीतरी' इतकंच जमतं.

परागभाईंना एकच ओळ हवी आहे.
कोण मोठं?
गांधीधामचा व्यापारी सोमवारी विचारणार.

सांगता येतं की. उजवं.
जवळजवळ दुप्पट.
पण तो पैशाचा रकाना झाला.
शेजारचा घनमीटरचा उघडला
तर डावं बेट पुढे सरकतं
आणि उजवं दिसू लागतं जिथे आहे तिथे,
सगळ्यांपासून लांब,
महिन्यातून येणाऱ्या एका जहाजाकडे डोळे लावून
फळीमागे भाडं मोजत बसलेलं.
महाग घेणारा श्रीमंत असतोच असं नाही,
हे मंगळबाजारात घासाघीस करणाऱ्या बाईला
कोणी शिकवावं लागत नाही.
आलेखाला शिकवावं लागतं.

मग ते एक वर्ष.
डावीकडची रेघ शहाण्यासारखी चालता चालता
एकदम उभी राहते.
'मागणीत लक्षणीय वाढ', मी टाइप केलं,
आणि चहा येईपर्यंत तसंच ठेवलं.
नंतर जुन्या बातम्या काढल्या.
वादळ.
रेघ चढली होती ती उडालेल्या छपरांवरून.

आमच्याकडे विश्वामित्री घरात आली तेव्हा
प्लायवुडची कपाटं पावासारखी फुगली.
गल्लीच्या तोंडाशी मगर बसलीय म्हणून
सुतार दोन दिवस उशिरा आला.
कनुभाई मिस्त्री.
लक्कडपीठ्यातून त्यानं परदेशी खोक्यांच्या फळ्या आणल्या,
कडेला जाळून उठवलेला शिक्का,
त्यात गव्हाची एक ओंबी.
"बेन, आ तो पोचुं लाकडुं,"
रंधा मारता मारता तो म्हणाला,
"पण सुगंध जुओ."
चिखलाच्या वासात तो वास
स्वयंपाकघरभर कुरळा होऊन पडला.

त्या महिन्यात शहरात किती रंधे चालले
याचा रकाना कोणी ठेवला नाही.
ठेवला असता
तर कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी
वडोदऱ्यापुढे लिहिलं असतं: वाढ, लक्षणीय.

मी ओळ खोडली. खाली तळटीप दिली,
मुंगीएवढ्या अक्षरात, वादळाची.
परागभाईंनी चष्मा वर करून वाचली.
"हे कोण वाचणार?"
काढली नाही मात्र,
पान दोनवर ढकलली.

मेच्या उन्हात त्या फळीतली एक गाठ
अजून पाझरते.
राळ बोटाला लागते, साबणानं जात नाही,
मिठाच्या बरणीचं बूड चिकटून बसतं.
हे झाड कुठलं, मुलगी विचारते.
बरण्या बाजूला करून मी शिक्का शोधते.
ओंबी आहे, खाली काही आकडे आहेत.
देशाची दोन अक्षरं जिथे असणार
तिथे कनुभाईचा खिळा आहे.