इतिवृत्तात न आलेलं

तळं आमचं, म्हणजे सोसायटीचं.
खरेदीखतात तसंच लिहिलंय: वाटेकरी बेचाळीस.
किरीटभाईंनी जलपर्णी काढायचे अठरा हजार मांडले.
सुर्वे म्हणाले, तळमजल्यानंच जास्त का भरायचे,
डास तर चौथ्यापर्यंत येतात.
मी खजिनदार. लिहून घेत होते.

तेवढ्यात भुराभाई वॉचमन धापा टाकत आला:
पायरीवर मगर. लहान आहे. हातभर.

विश्वामित्रीतून नाल्यानं आली असेल,
वर्गणी न भरता.

सगळे कठड्याशी गेलो,
आवाज नको म्हणून चपला हातात.
तिनं एक डोळा मिटला, उघडला,
आणि पाण्यात शिरली
आपल्याच घरात जावं तशी.

वनखात्याला फोन किरीटभाई करणार होते.
दिवाळी झाली.
नंबर शोधताहेत अजून.