मी, म्हणजे आरोपी

सोहारच्या कोर्टात बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या वतीनं 'मी' म्हणतो.
नियमच आहे तसा. 'तो म्हणतो की' चालत नाही.
म्हणून मी दारू गाळली आहे, तांब्याची तार चोरली आहे,
मालकाच्या सहीची नक्कल केली आहे,
आणि संध्याकाळी घरी येऊन मुलीचं गणित तपासलं आहे.

गुरुवारी मी दत्ताराम घवाळी होतो,
मुक्काम पालशेत, तालुका गुहागर.
गोड्या पाण्याचा टँकर, धुळीचा वारा, पहाटेचे साडेपाच.
समोर मोटारसायकल, मागे बांधलेली सुक्या तारल्यांची गोणी,
वर खल्फान, वय एकोणीस.

इथली बरीच भाषा आपल्याकडे कधीच येऊन गेली.
गलबतातून दाभोळच्या धक्क्यावर उतरली,
आमच्या आजोळच्या अंगणात वाळली, मराठीत मुरली.
वकील, कैद, हक्क.
मी तोंड उघडायच्या आधीच दत्ताराम दचकतो.
पण काही शब्द वाटेत फिरले.
काझी म्हणाले, आरोपी 'गरीब' आहे.
म्हणजे परका. इथला नव्हे. पळून जाईल असा.
दत्तारामनं हात जोडले,
"होय सायब, गरीबच."
मी दुरुस्ती केली नाही.

हक्क दोन. एक आम, एक खास.
आम सरकारचा: वेग, ब्रेक, टायरची झीज.
(टायर कंपनीचे. पाय त्याचा.)
खास मयताच्या आईचा.
ती रक्ताची किंमत घेईल किंवा सोडून देईल,
किंवा काहीच बोलणार नाही
आणि फाईल कपाटात उभी राहील, पाठ भिंतीला लावून.

शम्सा तिचं नाव. काळ्या अब्यावर मिठाचे पांढरे डाग.
तिनं वेग विचारला नाही. रक्कमही नाही.
म्हणाली, याची गाडी पाण्याची होती ना?
माझ्या पोराच्या तोंडात पाणी घातलं का यानं?
तो प्यायला का?

मी मराठीत विचारलं.
दत्ताराम स्वतःच्या ओंजळीकडे बघत राहिला.
"घातलं वो, हमदुलेभाय.
आधी नळीच सोडली. मग कळलं, जोर लय.
मग हातानं.
पन आत नाय गेलं.
गालावरनं ओघळलं सगळं. वाळूत."

लिपिकाची बोटं कळांवर थांबलेली.
काझींनी माझ्याकडे पाहिलं.
बावीस वर्षांत मी एक स्वल्पविराम
इकडचा तिकडे केलेला नाही.

"मी पाणी दिलं," मी अरबीत म्हणालो.
"दोन घोट प्यायला."

तिनं मान हलवली, स्वतःशीच,
चूल विझल्याची खात्री करावी तशी.
मग म्हणाली, माझा हक्क सोडला.

आम हक्क उरला: तीन महिने, मग हद्दपारी.
बेड्या घालताना दत्तारामनं विचारलं, "काय झालं?"
सांगितलं, आईनं सोडलं, सरकारनं थोडं धरलंय.
"का सोडलं?"
माहीत नाही, म्हटलं.
हे दुसरं. एकाच दिवसातलं.

खोट्या भाषांतराचं कलम मला पाठ आहे, दोन्ही भाषांत.
शिक्षा ठरते नुकसान कुणाचं झालं ते पाहून.
नुकसान. हा शब्दही इकडूनच आपल्याकडे गेलेला,
अर्थ न बदलता.
मी दोन रात्री शोधतो आहे, कुणाचं.
वजू करताना पाणी बोटांमधून गळत राहतं
आणि मी मोजतो.

नोंदीत आहे: आरोपीनं पाणी दिलं, मयत प्यायला.
खाली दुभाष्याची सही.
रविवारी पुन्हा हजर व्हायचं आहे.
पिंजऱ्यात असेलच कुणीतरी.
काझी विचारतील, गुन्हा कबूल आहे?
तो काय सांगेल ते सांगेल.
मी म्हणेन, मी.